गीतरामायण : मर्यादा आणि सहनिर्मिती

प्रस्तावना :
कलाकृतीचे श्रेय बहुधा एकदोन व्यक्तींच्या प्रतिभेस दिले जाते. माध्यम, मुदत आणि सहकारी कलावंत यांचा उल्लेख केवळ ओघाने येतो. 'गीतरामायणा'च्या निर्मितीचा इतिहास पाहता ही पद्धत अपुरी ठरते. या रचनेच्या घडणीत मर्यादा आणि सहकार्य यांचा वाटा कोणता होता, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पार्श्वभूमी :
आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. डॉ. बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री असताना चित्रपटसंगीताच्या प्रसारणावर निर्बंध आले होते. परिणामी सुगम गीतांची स्वतंत्र निर्मिती ही केंद्रांची गरज बनली. सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या योजनेसाठी एकत्र आले. दोघांचाही जन्म १९१९ चा आणि दोघेही चित्रपटसृष्टीत मुरलेले. दिलेल्या प्रसंगासाठी, दिलेल्या मुदतीत गीत सिद्ध करण्याची शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

कालमर्यादा आणि रूप :
१ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस पहिले गीत प्रसारित झाले. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीस मालिका पूर्ण झाली. मूळ योजना ५२ गीतांची होती. मध्ये अधिक मास आल्याने दोन रामनवम्यांमधील अंतर वाढले आणि गीते ५६ झाली. म्हणजे या काव्याची गीतसंख्या वाल्मीकींच्या कांडांनी नव्हे, तर पंचांगाने ठरविली.

आठवड्यास एकच गीत असल्याने प्रत्येक गीत स्वयंपूर्ण असणे भाग होते. नभोवाणीवर दृश्य नसते. म्हणून कथानिवेदनाचा भार पात्रांच्या मनोगतांवर आला. ध्रुवपदाच्या पुनरावृत्तीमुळे ऐकणाऱ्यास गीताशी जोडून घेणे सुलभ झाले. चालींचा पाया रागसंगीताचा असला, तरी शब्द स्पष्ट ऐकू येणे ही त्यांची पहिली अट राहिली. पहिल्या गीताचा कागद ऐनवेळी गहाळ झाला व माडगूळकरांनी ते पुन्हा लिहून दिले, ही आठवण सर्वश्रुत आहे. तीत प्रतिभेचा चमत्कार दिसतो. परंतु तसा प्रसंग निर्माण करणारी साप्ताहिक मुदत दृष्टिआड होते.

सहनिर्मितीचे स्वरूप :
मूळ प्रसारणात रामाची गीते फडके यांनी गायिली. इतर पात्रांसाठी माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, सुरेश हळदणकर आदींचे स्वर लाभले. प्रत्येक गळ्याची जात वेगळी असल्याने पात्रांनाही वेगळेपण आले. पुढे फडके यांच्या एकल कार्यक्रमांनी ही रचना घरोघरी नेली. मात्र सीता व कौसल्या यांची मनोगतेही त्यामुळे एकाच पुरुषकंठातून ऐकू येऊ लागली. एकल सादरीकरणाने रचनेस एकसंधता आणि दीर्घायुष्य दिले. त्याच वेळी मूळ बहुस्वरी रूप लोकस्मृतीत मागे पडले.

निष्कर्ष :
मर्यादा आपोआप कला घडवीत नाहीत. मुदत पाळूनही सामान्य राहिलेल्या मालिका असतातच. येथे मर्यादेला समान शिस्तीचे कवी-संगीतकार, जाणता अधिकारी आणि समर्थ गायकवृंद भेटले. त्यामुळे मुदत ही अडचण न राहता रचनेची चौकट बनली. माडगूळकर आणि फडके यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु केवळ दोन नावांवर थांबणारा इतिहास ही रचना कोणी केली एवढेच सांगेल, ती अशी का घडली हे सांगू शकणार नाही.