प्युडेंडल तंत्रिकारोध

प्युडेंडल तंत्रिकारोध : श्रोणिभागातील जुनाट तंत्रिकाशूळाचे निदान व शमन यांसाठी प्युडेंडल तंत्रिकेभोवती संवेदनाहारक औषध टोचण्याची क्रिया. त्रिकास्थीतील दुसऱ्या ते चौथ्या तंत्रिकामुळांपासून निघून, आसनास्थीच्या कंटकास वळसा घालून अल्कॉक नलिकेत शिरणारी ही तंत्रिका वाटेत आवळली गेली, म्हणजे बसताच वाढणारी, उभे राहता उतरणारी आणि सहसा झोपमोड न करणारी जळजळ गुह्यभागी सुरू होते. सुरतेत घंटी नावाच्या फिरत्या चाकापुढे तासन्‌तास बैठक मारून हिरे घासणाऱ्या कारागिरांसारख्या बैठ्या लोकांकडे वैद्याने याची चौकशी मुद्दाम करावी. कारण लज्जेपायी रोगी अशी तक्रार बहुधा मूळव्याधीच्या खाती जमा करून मोकळा होतो.

श्राव्यातीत ध्वनियंत्राच्या वा क्ष-किरणांच्या साहाय्याने सुई कंटकापाशी नेऊन लिग्नोकेन किंवा ब्युपिव्हाकेन सोडतात. फ्रान्समधील नांत येथील तज्ज्ञांच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच निकषांत या रोधाने मिळणारा उतार समाविष्ट आहे. मात्र तो पुष्कळदा अल्पकालीन ठरतो, आणि स्टेरॉइडची भर घातल्याने लाभ वाढतोच असे नाही. माकडहाडापुढील गँग्लिऑन इम्पारचा रोध, स्पंदित रेडिओ-लहरींचा प्रयोग व तंत्रिका मोकळी करणारी शस्त्रक्रिया हे पुढचे उपाय होत. गृध्रसी तंत्रिका निकट असल्याने रोधानंतर काही तास पाय बधिर पडू शकतो. सबब रोग्याने सोबतीस माणूस आणावा.