किनगाइट मुद्राचित्रे

कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातील किनगाइट (पूर्वीचे केप डॉर्सेट) या बॅफिन बेटाजवळच्या वस्तीतील इन्युइट कलावंतांची छापचित्रे. चित्रकार जेम्स ह्यूस्टन यांनी १९५७ च्या सुमारास येथे छपाईचे प्रयोग सुरू केले. सिगारेटच्या पाकिटांवरील चित्रे हुबेहूब सारखी कशी, या इन्युइट शिल्पकार ओसुइटोक इपीली यांच्या प्रश्नातून ते सुचले, असे ह्यूस्टनच सांगत. कथा थोडी घोटीव वाटते, पण ती टिकून आहे. १९५८ मध्ये ह्यूस्टन जपानला जाऊन उनइची हिरात्सुका यांच्याकडे काष्ठठसा शिकले. आर्क्टिकमध्ये झाडे नाहीत. कोरीव शिल्पांचा दगड मात्र हाताशी होता. त्यामुळे चित्र दगडावर उतरवून मोकळी जागा खोदतात, उंच राहिलेल्या भागाला शाई लावतात आणि वर पातळ कागद ठेवून तो हाताने घासतात. रेखाटणारा एक, कोरणारा व छापणारा दुसरा, ही विभागणीही जपानी परंपरेशी जुळते. १९५९ पासून सहकारी संस्थेमार्फत वार्षिक संग्रह निघू लागले. रेखाटनांत स्त्रियांचा वाटा मोठा : पिट्सिओलाक अशूना यांनी जुने भटके जीवन रंगवले, तर केनोजुआक अशेवाक (१९२७–२०१३) यांचे ‘द एन्चँटेड आउल’ (१९६०) हे घुबडाचे चित्र १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर झळकले. पुढे लिथोग्राफीही आली.