धुळपाटीपासून पडद्यापर्यंत

वर्गात तंत्रज्ञान आणण्याची चर्चा आमच्या मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी संगणकापासून सुरू होते. इतिहास मात्र धुळीपासून सुरू होतो. पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून मुले अक्षरे गिरवीत आणि थोरला विद्यार्थी धाकट्याला शिकवी. मद्रासेत अनाथ मुलांची शाळा चालविणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अशीच वाळूत लिहिणारी मुले पाहिली, ती रीत उचलली आणि १७९७ मध्ये तिच्यावर इंग्लंडात पुस्तक छापले. पुढे एल्फिन्स्टनच्या काळात मुंबई इलाख्यात विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवण्याची ही पद्धत विलायती सुधारणा म्हणून परत आली! आपलीच वस्तू परक्या वेष्टनात घेण्याची आपली हौस जुनी आहे.

धूळ गेली, दगडी पाटी आली, फळा आला. फळा इतका रुजला की तो तंत्रज्ञान आहे हेच आपण विसरलो. तरी १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सरकारला 'खडू-फळा' योजना काढावी लागली, कारण देशातल्या असंख्य प्राथमिक शाळांत तोही धड नव्हता.

त्याआधीच्या दशकापासूनच आकाशातून शिकवण्याचे स्वप्न पाहिले जात होते. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. त्यांत आमच्या तालुक्याला लागून असलेला मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली आणि शाळकरी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम तयार होऊ लागले. त्यामागे कष्ट होते, कल्पकता होती. अडचण निराळीच होती. कार्यक्रमाची वेळ ठरवणार दूरदर्शन, वीज देणार मंडळ, आणि गुरुजी त्या दिवशी अपूर्णांकांवर अडलेले. चालू कार्यक्रम थांबवून "कळलं का रे?" असे विचारण्याची सोय नव्हती. फळ्यावरचे पुसून पुन्हा लिहिता येते. प्रक्षेपणाला 'पुन्हा' माहीत नव्हते. आमच्यापैकी एकाच्या शाळेतला दूरचित्रवाणी संच मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलूपबंद असे. तो सुरक्षित राहिला, एवढेच त्याच्याविषयी सांगता येते. 'बालचित्रवाणी'ही २०१७ मध्ये बंद झाली.

म्हणून आम्हाला सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. तेथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकातील कवितांना, धड्यांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा कौतुक बहुतेक त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाचे झाले. खरी गोष्ट अशी की कोणत्या ओळीशी काय जोडायचे आणि ते केव्हा दाखवायचे, हे वर्गात उभा असलेला शिक्षक ठरवीत होता. पंतोजींच्या धुळपाटीनंतर बऱ्याच काळाने साधन शिकवणाऱ्याच्या हाती आले होते.

त्याच वर्षी टाळेबंदीत आम्हीही मोबाइलवर मराठी शिकवली. पडद्यावर नावे दिसत, चेहरे नाहीत. पुष्कळ घरांत फोन एकच, आणि तो भावाच्या हाती. मुलींची हजेरी संध्याकाळनंतर "सर, आता मिळाला" अशा निरोपांतून लागे. वर्गातला फळा सर्वांना सारखा दिसतो, ही त्याची थोरवी आम्हाला तेव्हा कळली. वर्ग पुन्हा भरले तेव्हा त्यांतल्या काही मुली आल्याच नाहीत.

मोबाइल आम्ही टाकून दिलेला नाही. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांची गझल शिकवताना त्यांचाच आवाज वर्गात ऐकवतो. ध्वनिमुद्रण मध्येच थांबवतो, पुन्हा लावतो. मग ते बंद करून एखाद्या मुलीला तोच शेर वाचायला सांगतो. ती पहिल्यांदा भटांची नक्कल करते, वर्ग हसतो. दुसऱ्यांदा ती आपल्या वऱ्हाडी हेलात वाचते.