लाटा आणि स्तंभसमूह : बॉम्बे हाय ते नाथसागर

प्रस्तावना

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगला मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० कि.मी. अंतरावर समुद्रतळाखाली तेल सापडले. त्याच वर्षी कोपनहेगन येथील किनारी अभियांत्रिकी परिषदेत स्प्रिंग आणि मंकमायर यांनी पाण्यातील अनेक दंडगोल स्तंभांवर आदळणाऱ्या लाटांचे गणित मांडले. हा योगायोग आकर्षक आहे, आणि म्हणूनच फसवा. नव्या गणिताच्या बळावर बॉम्बे हायचे मंच उभे राहिले, असा सोयीचा अर्थ त्यातून काढता येतो. तो ग्राह्य का नाही, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

दोन परंपरा

स्तंभावरील लाटांच्या भाराचा विचार दोन वेगळ्या वाटांनी विकसित झाला. पहिली वाट गणितज्ञांची. स्तंभ रुंद असला की येणारी लाट त्यावरून परावर्तित होऊन सर्व दिशांना पसरते. यालाच प्रकीर्णन म्हणतात. हॅवेलॉक यांनी १९४० मध्ये अतिखोल पाण्यातील एका स्तंभासाठी हे गणित सोडविले. मॅककॅमी आणि फुक्स यांनी १९५४ मध्ये ते मर्यादित खोलीच्या पाण्यापर्यंत आणले. स्तंभ अनेक असतील तर प्रत्येकाने फेकलेली लाट इतरांवर आदळते, तेथून पुन्हा परतते, आणि हिशेब गुंतत जातो. गंमत अशी की या गुंत्याची उकल पाण्याच्या अभ्यासकांनी प्रथम केलेली नाही. चेक भौतिकशास्त्रज्ञ झाविश्का यांनी १९१३ मध्येच समांतर दंडगोलांवरील विद्युतचुंबकीय लहरींसाठी ती पद्धत मांडली होती. पाण्याच्या लाटांपर्यंत ती पोहोचण्यास सहा दशके लागली. पुढे लिंटन आणि इव्हान्स यांनी १९९० मध्ये ती बरीच सुटसुटीत केली.

दुसरी वाट अभियंत्यांची. मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५० मध्ये एक साधे सूत्र दिले. त्यात पाण्याच्या वेगामुळे येणारी ओढ आणि त्वरणामुळे येणारा जडत्वाचा भार यांची बेरीज आहे. गुणांक प्रयोगावरून ठरवावयाचे. स्तंभ इतका बारीक की त्यामुळे लाट बदलतच नाही, हे त्यामागील गृहीतक आहे. गणितज्ञांना हे सूत्र ओबडधोबड वाटते; परंतु समुद्रातील पोलादी मंचांचा मोठा भाग त्याच्याच आधारावर उभा आहे.

बॉम्बे हायचे स्थान

कोणती वाट कोठे लागू पडते, हे स्तंभाचा व्यास आणि तरंगलांबी यांच्या गुणोत्तरावरून ठरते. ते साधारणतः एकपंचमांशाहून अधिक झाले की प्रकीर्णन दुर्लक्षिता येत नाही. बॉम्बे हाय येथे पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर आहे. पावसाळी वादळातील १२ सेकंदांच्या आवर्तकालाची लाट धरली, तर तिची लांबी सुमारे २२० मीटर येते. जॅकेट म्हणजे नळ्यांचा पोलादी सांगाडा. त्याचा पाय दीड मीटर व्यासाचा मानला तर गुणोत्तर जेमतेम दीडशेत एक इतकेच भरते. लाटेच्या दृष्टीने तो पाय जवळजवळ नाहीच. १९७६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले, त्यानंतर मंच वाढत गेले; पण १९७४ च्या त्या प्रबंधाची तेथील पायांना गरज नव्हती.

याचा अर्थ समूहाचा प्रश्न तेथे नव्हता असा नाही. तो वेगळ्या रूपात होता. विहिरींचे नळ दाटीने उभे असले की पुढच्याच्या आडोशाला मागचा येतो आणि ओढ कमी होते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या संहितेने १९९३ च्या आवृत्तीत या आडोशाची सूट मान्य केली. नळांतील अंतर चार व्यासांहून अधिक असल्यास मात्र सूट नाही. येथे समूह भार घटवितो.

प्रकीर्णनात तसे निश्चित सांगता येत नाही. उत्तर समुद्रातील काँक्रीटच्या जाड स्तंभांच्या मंचांमुळे, ज्यांतील ‘बेरिल ए’ १९७५ मध्ये उभा राहिला, हा प्रश्न निकडीचा झाला. विशिष्ट तरंगलांबीला लाट स्तंभांमधील जागेत जणू अडकते आणि पाणी अनपेक्षित उंच चढते. मॅनिअर आणि न्यूमन यांनी १९९७ मध्ये एका ओळीतील शंभर स्तंभांचे गणित करून दाखविले की मधल्या स्तंभावरील भार एकट्या स्तंभावरील भाराच्या कित्येक पट होऊ शकतो.

नाथसागर

तेव्हा हे गणित आपल्याकडे कोठे लागू पडेल? बिडकीनहून पैठणकडे गेल्यावर नाथसागर लागतो. जायकवाडीचे उद्घाटनही १९७६ मधलेच. या जलाशयात वाऱ्याने उठणारी लाट लहान असते. आवर्तकाल ३ सेकंद धरल्यास लांबी सुमारे १४ मीटर. म्हणजे तीन मीटरचा स्तंभदेखील एकपंचमांशाची मर्यादा ओलांडतो, आणि आठ मीटर व्यासाची जॅकवेल तर निःसंशय प्रकीर्णनाच्या प्रदेशात येते. अरबी समुद्राच्या प्रचंड लाटेला न लागणारे सूक्ष्म गणित गोदावरीच्या लहानशा लाटेला लागते. एकूण भार अर्थातच समुद्राच्या तुलनेत किरकोळ राहील. परंतु जॅकवेल आणि तिच्या पुलाचे खांब यांमधील पाणी किती चढेल, हे बेरजेने सांगता येणार नाही.

अध्यापकांच्या दृष्टीने यात एक सोय आहे. ओढीचा भार लहान प्रतिकृतीवरून मोजणे कठीण, कारण पाण्याची श्यानता प्रतिकृतीबरोबर लहान होत नाही. प्रकीर्णनात ती अडचण फारशी येत नाही. १:१६ प्रमाण घेतल्यास आठ मीटरची जॅकवेल अर्ध्या मीटरची होते, ३ सेकंदांची लाट पाऊण सेकंदाची, आणि तिची लांबी एका मीटरहूनही कमी. एवढी टाकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मावते.