गोव्यातील खासगी वन : मालकी आणि निकष

व्यक्तीच्या, कुटुंबाच्या किंवा कोमुनिदादीच्या जमिनीवरील नैसर्गिक जंगलाला गोव्यात खासगी वन म्हणतात. महाराष्ट्रात अशी वने ३० ऑगस्ट १९७५ पासून कायद्याने सरकारजमा झाली. गोव्यात मालकी मालकाकडेच राहिली. वापरावर मात्र बंधन आले. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ शब्दाचा कोशातील अर्थ ग्राह्य धरला. त्यामुळे जमीन कोणाचीही असो, तेथे वनेतर कामासाठी १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार केंद्राची पूर्वमंजुरी आवश्यक ठरली.

खासगी वन ठरवण्याचे निकष तीन : ७५ टक्के झाडे वनजातींची असावीत, क्षेत्र सरकारी वनाला लागून किंवा किमान ५ हेक्टरांचे असावे, आणि छत्रघनता ०.४ पेक्षा कमी नसावी, म्हणजे किमान ४० टक्के जमीन झाडांच्या शेंड्यांखाली झाकलेली असावी. सावंत व करापूरकर समित्यांनी मिळून सुमारे ६७ चौरस किलोमीटर क्षेत्र यात बसवले. निकष सैल करून अधिक जंगल वाचवावे, ही गोवा फाउंडेशनची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये फेटाळली.

खरी अडचण या मोजमापातच आहे. किंदळ, माट्टी, जांभा राखणाऱ्याची जमीन वन ठरते आणि तिचा बाजारभाव कोसळतो. रान विरळ करणाऱ्याची जमीन निकषाबाहेर राहून भूखंड पाडण्यास मोकळी होते. झाड तोडण्यास १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, हे खरे. पण वणवा परवानगी मागत नाही. रान राखल्याबद्दल मालकाला नियमित मोबदला मिळत नाही. त्यातच एक-चौदाच्या उताऱ्यावर अनेक वारसांची नावे असतात. त्यांतले काही परदेशी. मग सीमेवरच्या अतिक्रमणाकडे लक्ष कोणी द्यायचे?

२०२३ च्या दुरुस्तीने वनसंवर्धन कायद्याची व्याप्ती प्रामुख्याने अधिसूचित व सरकारदप्तरी नोंद असलेल्या वनांपुरती आणली. नोंद नसलेले खासगी जंगल त्यामुळे उघडे पडण्याची भीती होती. १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने राज्यांच्या नोंदी पूर्ण होईपर्यंत १९९६ चाच अर्थ कायम ठेवला.