अब्बांची कढई आणि फ्रेंच फ्राइज

कवठे येमाईला देवीची यात्रा भरली की अब्बांचा भज्यांचा गाडा तमाशाच्या तंबूजवळ लागायचा. आत वगाला रंग चढला की बाहेर गिऱ्हाईक तुटायचं. तेवढ्या वेळात अब्बा उरल्यासुरल्या बटाट्यांच्या लांबट फोडी करून तळायचे, वर मीठ आणि लाल तिखट भुरभुरायचे आणि वर्तमानपत्राच्या कागदात घालून माझ्या हातात द्यायचे. (छापील शाई पोटात जाऊ नये म्हणून आता तसं देऊ नये म्हणतात. तेव्हा हे पान वाचून झाल्यावर त्यात भजी बांधू नका!) १९९६ साली मॅकडोनाल्ड्स मुंबई-दिल्लीत आलं. त्यानंतर कधीतरी फ्रेंच फ्राइज नावाचा पदार्थ माझ्यापुढे आला. पहिला घास घेतला आणि म्हटलं, अरे, ही तर तंबूमागची फोड!

फोड आपली, पण बटाटा आपला नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. आपल्याकडे त्याचं नावच पोर्तुगीजांकडून आलं, ‘बटाटा’. आज तो एकादशीच्या ताटात आहे आणि रमजानच्या इफ्तारीतही आहे. रमजानात एकादशी आणि रोजा एका दिवशी यायचा, तेव्हा शेजारच्या काकूंचा कीस आणि अम्मीची भजी एकाच पोत्यातल्या बटाट्यांची असायची. दोन्ही उपासांना चालणारा असा दुसरा परदेशी पाहुणा मला तरी माहीत नाही.

गंमत म्हणजे, बटाटा तब्येतीला वाईट ही ओरड आजची नाही. कुष्ठरोग होतो या समजुतीने १७४८ साली फ्रान्समध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आली होती. पार्मांतिये नावाचा औषधनिर्माता युद्धात प्रशियाच्या कैदेत पडला. तिथे बटाटे खाऊन तो ठणठणीत परतला आणि पुढे आयुष्यभर बटाट्याची वकिली करत राहिला. १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठाने बटाटा निर्धोक ठरवला. तळलेली फोड पहिली कोणी केली, यावर फ्रान्स आणि बेल्जियम अजून भांडतात. ते भांडण त्यांनाच लखलाभ. फ्राइज जगभर पोचवल्या त्या मात्र अमेरिकेतल्या सिम्प्लॉट नावाच्या बटाटा-व्यापाऱ्याने. अर्धवट तळून गोठवलेल्या फोडी १९६० च्या दशकात त्याच्याकडून मॅकडोनाल्ड्सकडे जाऊ लागल्या, आणि कुठेही खा, चव तीच, असं झालं.

दोन वर्षांपूर्वी मला साखर निघाली. डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं. भज्यांच्या गाड्यावर वाढलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे मासळीला पाणी सोड म्हणणं. मग नेमकं वाईट काय, ते वाचत बसलो. शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण ९० कॅलरी असतात, तेवढ्याच वजनाच्या फ्राइजमध्ये ३०० च्या आसपास. २०२५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अमेरिकेतल्या दोन लाखांहून अधिक आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या कित्येक वर्षांच्या नोंदींचा अभ्यास आला. आठवड्यातून तीनदा फ्राइज खाणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण सुमारे २० टक्के जास्त दिसलं. उकडलेल्या, भाजलेल्या बटाट्याच्या बाबतीत तसं ठळक काही दिसलं नाही. म्हणजे गुन्हा बटाट्याचा कमी, कढईचा जास्त.

दुसरी गोष्ट स्वीडनची. १९९७ साली तिथे रेल्वेचा बोगदा खणताना गळती बुजवायला वापरलेलं ॲक्रिलामाइड पाण्यात उतरलं आणि गाई लुळ्या पडल्या. कामगारांचं रक्त तपासलं. तुलनेसाठी ज्यांचा बोगद्याशी काही संबंध नव्हता त्यांचंही तपासलं, तर त्यांच्यातही ते थोडं होतंच! शोध घेत घेत शास्त्रज्ञ स्वयंपाकघरात पोचले. २००२ मध्ये जाहीर झालं की बटाट्यासारखा पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर तळला-भाजला की त्यातल्या साखरेपासून आणि एका अमिनो आम्लापासून हे द्रव्य तयार होतं. रंग जितका काळपट, तितकं ते जास्त. प्राण्यांत त्याने कर्करोग होतो. माणसाला ताटातून नेमका किती धोका, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

हे वाचताना मला अब्बांचे हात दिसू लागले. ते मंचरच्या बाजारातून सातगाव पठाराचा ताजा बटाटा आणायचे. कोल्ड स्टोरेजचा घेत नसत, म्हणायचे, “गोड असतो, लगेच काळा पडतो.” खरंच आहे, थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते. सिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली ‘कुफरी चिप्सोना’ वाण काढले, तेही कमी साखरेच्या बटाट्यासाठीच. अब्बा फोडी आधी तासभर पाण्यात ठेवायचे. त्याने वरची साखर धुऊन जाते. गिऱ्हाईक म्हणायचं, “चाचा, जरा कडक काढा.” अब्बा सोनेरी रंगावर झारा उचलायचेच.

इथेच थांबलो असतो तर अब्बांचा पोवाडा झाला असता. पण तेल? कालच्या तेलात आजचं ओतायचं, हा गाड्याचा नियम होता. यात्रेच्या शेवटच्या रात्री ते काकवीसारखं दिसायचं आणि धुराने माझे डोळे चुरचुरायचे. तळून तळून तेलात साठणाऱ्या घातक घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेलं की ते वापरायचं नाही, असा नियम सरकारने २०१८ पासून लावला. अब्बांच्या शेवटच्या रात्रीच्या तेलाचं माप कोणी घेतलं नव्हतं. पण तेल फेकायचं तर त्या यात्रेत पदरात काय पडलं असतं? बासष्टाव्या वर्षी ते हृदयविकाराने गेले. विड्याही ओढायचे, रात्र रात्र उभेही असायचे. एकट्या तेलावर खापर फोडता येत नाही. पण आठ-नऊ वर्षांचा मी ती फोड खाऊन झोपी जायचो आणि ते पहाटेपर्यंत त्या धुरात असायचे, हे विसरता येत नाही.

सुट्टीत नात कवठ्याला येते. तिला पाकिटातल्या फ्राइज हव्या असतात. मी मंचरचे बटाटे कापतो, पाण्यात टाकतो. ती दर पाच मिनिटांनी येऊन विचारते, “नाना, झालं?” छोट्या कढईत ताजं तेल, तेही एका वेळेपुरतंच. रंग धरला की काढायच्या. तिची आई माझ्या बशीत चार मोजून ठेवते आणि ताट उचलून आत नेते. पाचवी मी झाऱ्यावरूनच खाल्लेली असते.