आंत्रपुच्छ आणि रक्ताची साक्ष
येरवड्याच्या तुरुंगातून पुण्याच्या ससून इस्पितळात हलविलेल्या गांधीजींच्या आंत्रपुच्छावर १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली, आणि ऐन वेळी वीज गेल्याने ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. त्या काळी पुच्छ फुटण्याच्या बेतात आहे किंवा कसे हे ठरविण्यास शल्यविशारदापाशी नाडी, ताप, उदर चाचपणारी बोटे आणि फार तर सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या श्वेतपेशी, एवढाच पुरावा असे. न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात टिलेट आणि फ्रान्सिस यांना सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) आढळले ते १९३० साली. आंत्रपुच्छदाह ओळखण्यासाठी लक्षणे व श्वेतपेशी यांची दहा गुणांची मोजदाद अल्व्हाराडो यांनी मांडली ती तर १९८६ मध्ये. आज नाशिकच्या इंदिरानगरातील एखाद्या पॅथॉलॉजीत सीबीसी व सीआरपी यांच्या जोडीस बिलिरुबिनही लिहून आले, तर दुखते पोट आणि तपासणी काविळीची, हे काय, असे नातलगांनी विचारावे हे साहजिकच. माझ्या मते शंका रास्तही आहे. परंतु पुच्छ कुजले वा फुटले म्हणजे जंतू व त्यांचे विष आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेवाटे तेथे पोहोचते, पित्ताचा निचरा मंदावतो, आणि बिलिरुबिन किंचित चढते. चढलेल्या आकड्याची दखल घ्यावीच. मात्र तो न चढल्याने निर्धोकपणाची सनद मिळत नाही, म्हणून सोनोग्राफी, आणि प्रसंगी सीटी स्कॅनही, करवून घेतात.